छान म्हणू नका

मंगळवारी सकाळी कलावतीबाई म्हणाल्या, "पोहे तुम्ही केलेत ना? छान झालेत."

गोपीनाथरावांचा चमचा बशीतच थांबला.

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात वर्तकनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर कोणी कोणाला छान म्हटलेलं नव्हतं. घर वाईट होतं असं नाही. माणसं आपापल्या परीने खूष असत, फक्त बोलून दाखवत नसत. गोपीनाथराव कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासायला होते. चौतीस वर्षं डबे त्यांच्या हाताखालून गेले आणि त्यातल्या उत्तमातल्या उत्तम डब्यालाही त्यांनी "चालेल" एवढंच म्हटलं. मुलगा सुदेश बारावीला ब्याण्णव टक्के घेऊन आला, तेव्हा ते "वाईट नाही" म्हणाले आणि हे जरा जास्तच झालं, असं त्यांना पुढे आठवडाभर वाटत राहिलं. कलावतीबाई चिपळूणकडच्या. त्यांच्या माहेरी कौतुक काचेच्या कपांसारखं होतं, पाहुणे आले की बाहेर काढायचं आणि गेले की धुऊन आत ठेवायचं. त्याहून मोठे शब्द, म्हणजे सोन्यासारखा माणूस वगैरे, ते शोकसभेसाठी राखून ठेवलेले.

आणि पोह्यांत मीठ नव्हतं. गोपीनाथराव स्वतःच खात होते, त्यामुळे याबद्दल दुमत नव्हतं.

त्यांच्या पोटात बारीक कळ आली. ती गाठीची की भीतीची, हे कळायला मार्ग नव्हता. पोटातल्या त्या गाठीचा तुकडा मागच्या आठवड्यात तपासायला दिला होता. काल संध्याकाळी सुदेश रिपोर्ट आणायला गेला, परत आला, स्वयंपाकघरात आईशी पाच मिनिटं हळू आवाजात बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "रिपोर्टला वेळ आहे बाबा. शुक्रवारी या म्हणाले." गोपीनाथरावांना ते काल खरं वाटलं होतं.

सुदेश ऑफिसला निघाला. दारात थबकला.

"बाबा, तुमच्यामुळे आम्हाला शिस्त लागली."

"कसली शिस्त?"

"म्हणजे... एकंदरच."

एवढं बोलून तो बुटाची नाडी न बांधताच जिना उतरून गेला.

आता खात्री करायला एकच जागा उरली होती. उपवनच्या तलावाकाठी रोज काळुराम येई. काळुराम कोलशेतचा, पिढीजात मिठागरवाला. आता मिठागरावर तीन टॉवर उभे होते आणि काळुराम मुलाच्या गाडीतून फिरायला येत असे. कारखान्याच्या गेटवर ओळख झाल्यापासून तीस वर्षांत त्याने गोपीनाथरावांना माकड, सुकट आणि पेन्शनीतलं भूत यांखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. आज त्याने एक सणसणीत शिवी दिली, की सगळं ठीक आहे. गोपीनाथरावांनी मुद्दाम टोपी उलटी घातली.

त्यांना येताना पाहून काळुराम बाकावरून उठला. काळुराम मंत्र्यासाठीही उठत नसे.

"ये रं गोपीनाथ, बस. सावलीन बस."

"काळ्या, मी कसा दिसतोय?"

"बेस दिसतंस."

"टोपी उलटी आहे."

"तुला शोबते."

"परवा मला सुकट म्हणालास."

"मस्करी केली रं." काळुरामने नजर पाण्याकडे वळवली. "तुज्यासारका मानूस मिलाचा नाय. देवमानूस हायेस तू."

गोपीनाथरावांनी टोपी काढून सरळ घातली.

"सुदेशचा फोन आलेला तुला?"

"नाय. नाय बा," काळुराम म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याने गोपीनाथरावांचाच रुमाल मागितला.

घरी परतताना वाटेत वॉचमन म्हणाला, "काका, नमस्ते." तो रोजच म्हणत असे, पण आज त्या नमस्तेतही काहीतरी ऐकू आलं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर गोपीनाथरावांना वाटे, की कलावतीला विचारावं आणि मोकळं व्हावं. पुढच्या पायरीवर वाटे, विचारलं आणि तिने सांगितलं तर? दारापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला होता. मालाची खात्री नसेल तर चाचणी घ्यायची, हे त्यांना येत होतं.

दुपारचा चहा त्यांनी केला. कलावतीबाईंच्या कपात साखरेऐवजी दोन चमचे मीठ घातलं. दुसरा चमचा घालताना हात इतका थरथरला, की अर्धं ओट्यावर सांडलं. तिने थुंकून टाकला, कप आदळला, अक्कल काढली, तर आपण जगतो. तसं नाही झालं तर... पुढे त्यांनी विचार केला नाही.

कलावतीबाईंनी घोट घेतला. गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"छान झालाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घोट घेतला.

"कलावती, त्यात मीठ आहे."

"जीभ आहे मला. कळतं."

"रिपोर्टमध्ये काय आलंय?"

त्यांनी कप खाली ठेवला, अगदी सावकाश, फुटू नये म्हणून ठेवावा तसा. मग सांगितलं. गाठ वाईट होती. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. कुठवर पसरलंय ते पोट उघडल्यावरच कळणार. "डॉक्टर म्हणाले, त्यांना आनंदात ठेवा. सुदेश म्हणाला, आपण जरा कौतुक करूया बाबांचं."

"हा आनंद? सकाळपासून मरतोय मी इथे."

"मग काय करायचं होतं आम्ही? आम्हाला दुसरं काही येतं का?"

गोपीनाथरावांना पोटात पुन्हा ती कळ जाणवली. आता तिला नाव होतं, एवढाच फरक. समोर बसलेल्या या बाईने खारट चहाचे दोन घोट आपल्यासाठी गिळले, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. काहीतरी बोलायला हवं होतं. एकेचाळीस वर्षांत न बोललेलं.

"तू फार चांगली आहेस गं."

कलावतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याचं मनगट धरलं.

"असं बोलू नका हो. असं काय निघाल्यासारखं बोलता?"

मनगटावरची बोटं बर्फासारखी होती. आपण सकाळपासून जे भोगलं तेच आता तिच्या डोळ्यांत दिसतंय, हे पाहून गोपीनाथराव घाबरले. नावं ठेवण्याजोगं काहीतरी ताबडतोब सापडायला हवं होतं. त्यांनी घाईघाईने घरभर पाहिलं.

"तो पडदा," ते म्हणाले. "दिवाळीपासून धुतलेला नाही."

कलावतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. श्वास जरा खाली आला.

"काढून कोण देणार? स्टुलावर मी चढू? आणि ओट्यावर मीठ सांडलंय ते कोणी पुसायचं?"

"हात थरथरला."

"थरथरणारच. सकाळी पोहे केलेत ते तरी धड का? अळणी. गुरांनी तोंड लावलं नसतं."

"मग खाल्लेस कशाला?"

"माझी अक्कल."

कलावतीबाईंनी मनगट सोडलं नव्हतं. पडद्यावरून गोष्ट गळक्या नळावर गेली, तिथून गोपीनाथरावांच्या घोरण्यावर, तिथून कलावतीबाईंच्या भावाने या दोघांच्याच लग्नात घातलेल्या गोंधळावर. आवाज अधूनमधून फाटत होता. एकाचा फाटला की दुसरं पटकन नवीन खोट काढत होतं. गुरुवारपर्यंत पुरतील इतके दोष दोघांकडेही होते. त्यापुढचा विषय कोणी काढला नाही.