माग थांबले तेव्हा

दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि वर्षाच्या आत पश्चिमेकडचा साहेब आमची कापडगिरणी बंद करायला आला. शेवटचा माग थांबला, तरी आम्ही विणकर बाया नुसते ओठच हलवत राहिलो. सव्वीस वर्षं त्या खडखडाटात आम्ही तसंच बोलत आलो होतो.

"थोबाड बघा मेल्याचं," शेजारच्या मागावरची ट्राउडल ओठांनीच म्हणाली. साहेबाला कळलंही नाही.

तेवढ्यात कुठूनशी खळखळ ऐकू आली.

"लोथार, नळ उघडा राहिलाय का रे?" मी मुकादमाला विचारलं.

तो फरशीकडं बघत होता. "नळ कसला? नदी आहे ती. गिरणी तिच्यावरच बांधलीय ना!"

साहेब आमच्या नोकऱ्यांबद्दल काहीतरी सांगत होता. आम्ही सगळ्या श्वास रोखून पायाखालची नदी ऐकत होतो.