चालकाचं नाव

"या खेपेला कोण हुतं गाडीवर?" मी क्लेमचा फॉर्म पुढं ओढत विचारलं, आणि सवयीनं हसलेही.

रावजी तात्या हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मीच."

इंदापुरात तहसील कचेरीसमोर माझं गाड्यांच्या विम्याचं दुकान आहे, त्याला चौदा वर्षं झाली. तात्यांच्या तोंडून हे उत्तर मी आधी तीनदा ऐकलं होतं आणि तिन्ही वेळा ते खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं, ते वदवून घेणारी मीच होते ना!

आमच्याकडं ही रीतच पडून गेली आहे. गाडी कुणीही ठोको, फॉर्मवर नाव लागतं ते घरात ज्याचं लायसन पक्कं त्याचं. तात्या एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला त्यांना मिळालेला. निवृत्त झाल्यावर गावी कळसला ऊस लावला आणि एक कार घेतली. थोरल्या मुलानं, अविराजनं, लायसन नसताना ती उसाच्या ट्रॉलीला धडकवली, तो पहिला फॉर्म. मग लायसनची मुदत संपलेल्या जावयानं बारामतीत दुभाजकावर चढवली. तिसऱ्यांदा पुतण्या सिद्धूनं वरातीला जाताना ओढ्याच्या कठड्यावर घातली. त्याच्याकडं तर लायसन नावालाही नव्हतं. दर वेळी मीच म्हणायचे, तात्या, तुमचं नाव लावू, भानगड नको. तात्या पेन हातात घेऊन जरा थांबायचे, मग सही करायचे. त्या थांबण्याकडं मी कधी लक्ष दिलं नाही. मला आपलं काम उरकायचं असायचं.

गेल्या वर्षी विम्याचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. का, म्हणून मी कंपनीत फोन लावला, तर तिथला पोरगा म्हणाला, मॅडम, हा ड्रायव्हर धोक्याचा आहे, अजून एक क्लेम आला तर बघा. मी बावळटासारखं ते जसंच्या तसं तात्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "माझ्याबद्दल बोलला व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता हे चौथं. अविराज दारात उभा होता. मी त्याच्याकडं डोळे वटारले आणि तात्यांना म्हणाले, बास झालं आता, कुणाला पाठीशी घालताय ते खरं सांगा. अविराजनं मान हलवली. तो सकाळपासून उसाला पाणी देत होता म्हणे, गाडीत तात्या एकटेच होते.

"स्टँडच्या गेटाचा खांब," तात्या म्हणाले. "दवाखान्यात माझी भन बानूबाई हाय, तिला डबा द्यायला निघालो हुतो. वळवून घ्यावी म्हणून गेटात घातली."

त्या गेटातून या माणसानं एकतीस वर्षं बस आत-बाहेर केलेली. मला खरंच वाटेना. मी अजून अविराजकडंच बघत होते.

"पोरी, मला खांब दिसलाच न्हाय," तात्या म्हणाले. "डाव्या डोळ्यानं वरीसभर धुरकट दिसतंय. घरात बोललो न्हाय."

मी विम्याचंच बोलायला लागले. वय बहात्तर, त्यात एकाच नावावर चौथा अपघात. पुढच्या वर्षी कुणी फुल विमा देणार नाही, नुसता थर्ड पार्टी मिळेल. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून निघेल, आपली गाडी आपल्या खिशातून. अविराजकडं आता लायसन आहे आणि त्याच्या नावावर काही नाही. गाडीही त्याच्या नावावर करता येईल. त्याचं नाव लावलं तर निभेल. अविराज लगेच पुढं आला. "लावा ताई माझं. माझं त्यांनी घेतलंच हुतं की."

तात्यांनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला.

"न्हाय. ती तिन्ही तुमची हुती, मी घेतली. हे माझं हाय. खांबाच्या जागी लेकरू असतं, तर कुणाचं नाव लावलं असतं?"

चालकाच्या नावापुढं त्यांनी स्वतःच्या हातानं रावजी लिहिलं आणि खाली सही केली. या वेळी पेन थांबलं नाही.

कंपनीला गाडीचा व्हिडिओ लागतो, म्हणून आम्ही तिघं त्याच चेपलेल्या गाडीतून गॅरेजला निघालो. तात्या सवयीनं उजव्या दाराशी गेले, मुठीवर हात ठेवला, मग किल्ली अविराजकडं दिली आणि पुढून वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले. मी मागं बसले. मला त्यांची माफी मागायची होती, पण मी फॉर्मच चाळत बसले.

स्टँडजवळ आलो तर गेटातून अकलूजची बस बाहेर पडत होती. बसवरच्या ड्रायव्हरनं तात्यांना ओळखून हात केला. तात्यांनीही हात वर केला. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. त्यांचा उजवा पाय समोरच्या रबरी चटईवर ब्रेक दाबावा तसा गच्च दाबलेला होता, आणि बस पुरती रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.