पहिल्या उतारावरची सीट

मुंजाजीच्या जीपला गावात सगळे रेडा म्हणत, आणि नाव काही खोटं नव्हतं. मिलिटरीच्या लिलावातली जुनी फोर व्हील गाडी ती. शिरड शहापूरच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलजोडी रुतून बसायची, तिथून हा रेडा निघायचा. पुढं तोही पोटावर टेकायला लागला, तेव्हा मुंजाजीनं मडगार्ड कापून त्याला ट्रॉलीचे मोठाले टायर बसवले. मग काय विचारता! रेडा कुठंही जायचा, फक्त थांबायचा नाही. चाकं वाढली होती आणि ब्रेक होते तेवढेच राहिले होते.

औंढ्याच्या बाजारात एकदा तो कांद्याच्या ढिगात शिरूनच थांबला. रुक्माबाई शेजारीच बसली होती. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला निक्षून सांगितलं, "ब्रेक व्हईस्तोवर म्या ह्या गाडीत पाय ठेवणार न्हाई. अन् आत्याबाईलाबी बसू देणार न्हाई."

आत्याबाई म्हणजे मुंजाजीची म्हातारी आई सोजराबाई. तिचे गुडघे गेलेले, आणि तिला सिद्धेश्वरला लेकीकडं जायची घाई लागलेली. मुंजाजीनं नांदेडच्या भंगारात हात काळे करून एका मोठ्या गाडीच्या ब्रेकचे चारही रुंद ड्रम शोधले आणि ते नरसिंग मिस्त्रीच्या ओट्यावर नेऊन ठेवले. दुसऱ्या कुणाकडं न्यायचा प्रश्नच नव्हता. नरसिंग आणि तो हिंगोलीत लालसिंग उस्तादाच्या गॅरेजात एकाच ताटात जेवून मोठे झाले होते. नरसिंगच्या हाती पाना राहिला, मुंजाजीच्या हाती स्टेअरिंग आलं, एवढाच फरक. रुक्माबाईला पाठचा भाऊ नव्हता. लग्न होऊन आल्यापासून भाऊबीजेला ती नरसिंगलाच ओवाळायची.

उस्तादाचा एक कायदा होता. ज्यानं ब्रेक केला, त्यानं पहिल्या उतारावर ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. बाकी कामात हयगय झाली तर उस्ताद शिव्या देऊन सोडून द्यायचा, पण ह्या बाबतीत तो कुणाची गय करत नसे. त्यामुळं त्याच्या हाताखालच्या पोरांनी ब्रेकच्या कामात कधी चालढकल केली नाही. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

गाडी तयार झाली. मुंजाजीनं पेडल दाबून पाहिलं तर दगडासारखं कडक. तो खूश झाला. पेडल कडक म्हणजे ब्रेक पक्का, हे त्यांच्या धंद्यात लहान पोरही सांगेल. सोजराबाईला उचलून मागं बसवलं, रुक्माबाई भाकरीचं गाठोडं घेऊन तिच्याजवळ बसली. नरसिंग पुढं बसला. त्याच्यासाठी ठेचा वेगळा बांधून घेतलाय, असं रुक्माबाईनं निघतानाच सांगितलं. सपाट रस्त्यावर गाडी दोनदा थांबवून पाहिली, बरी थांबली. मुंजाजी शीळ घालत होता. नरसिंग मात्र पुढच्या रस्त्यावरच नजर लावून होता.

सिद्धेश्वरच्या अलीकडं रस्ता एकदम खाली उतरतो. खाली वळण आहे आणि वळणाला लागूनच कालवा. उताराच्या तोंडाशी नरसिंग म्हणाला, "मुंजा, जरा थांबव. म्या हितंच उतरतो. पुनमचंद शेटच्या मळ्यात इंजिन बंद पडलंय, ते बघून येतो."

"खाली जाऊन आलो की बघ की."

"न्हाई, तो वाट पाहून राहिला. तू जा. पयल्या गेरात सोड, बराबर जाईल."

तो उतरलासुद्धा. मुंजाजी बघत राहिला. नवे ब्रेक केलेली गाडी इंजिनानं अडवत पहिल्या गेरात काहून सोडायची? त्यानं इंजिन बंद केलं, चाकाखाली धोंडा लावला आणि आडवा होऊन गाडीखाली शिरला.

मागं नवे ड्रम होते. पुढं जुनेच होते, आणि पुढच्या चाकांकडं जाणारा ब्रेकचा पाइप पक्कडीनं दुमडून, वर हातोडी मारून बंद केलेला होता. पुढं तेल जातच नव्हतं, म्हणजे पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हता. म्हणून पेडल कडक लागत होतं.

तो अंगाची माती न झटकताच उभा राहिला. "पुढचे ड्रम कुठं हायेत?"

नरसिंगनं बाभळीकडं तोंड केलं. "पुनमचंदच्या जीपला बसवले. गॅरेजला रोडवरची जागा देतो म्हणला त्यो. तुला दुसरे आणून देणारच व्हतो, मुंजा. मागच्या ब्रेकवर तुझं भागलं असतं."

"भागलं असतं?"

"व्हय."

"मंग बस."

नरसिंग जागचा हलला नाही. मुंजाजीनं शेजारच्या सीटवर थाप मारली आणि पुन्हा म्हणाला, "बस की. उस्तादाचा कायदा हाय."

नरसिंग एक पाऊल मागं सरकला. मुंजाजीला ड्रम गेले त्याचं एवढं नव्हतं. शेजारी बसून नरसिंग त्याच्यासोबत कालव्यात गेला असता, तरी त्यानं त्याला दोस्तच म्हटलं असतं. पण ह्यानं सगळं ठाऊक असताना फक्त आपलाच जीव खाली उतरवला होता.

"ड्रम मी उद्या इसरन, नरसिंग," तो म्हणाला. "तू उतरलास, ते कसं इसरू?"

रुक्माबाईनं सगळं ऐकलं होतं. पाइपाचं तिला काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं. गाठोडं मांडीवर तसंच धरून ती नरसिंगकडं बघत होती. तिचा आवाज चढला नाही.

"भाऊ, तुमी उतरलात ते उतरलात. मला तरी हाक मारायची व्हती."

नरसिंगनं वर पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तेवढ्यात म्हाताऱ्या सोजराबाईनं विचारलं, लेकीचं गाव आलं का?

मुंजाजीनं धोंडा काढला आणि गाडी तिथंच सपाटीवर वळवून घराच्या दिशेनं उभी केली. रुक्माबाई मागून उतरली, पुढं आली आणि नरसिंगच्या रिकाम्या सीटवर बसली. मग तिनं गाठोडं सोडून वेगळा बांधलेला ठेचा काढला, खाली वाकून रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेवला आणि म्हणाली, "चला."