ओढणीची गाठ

“बारीक वस्तू हातात ठेवू नये गं. पदराच्या टोकाला गाठ मारावी, म्हणजे हरवत नाही.”

सासूबाईंचं हे सांगणं उत्तराताईंनी जन्मभर पाळलं आणि सून शर्मिष्ठा मुलुंडच्या घरात आली तेव्हा तिलाही शिकवलं. ती पदर कुठला घेणार! ओढणीला गाठ मारायची.

म्हणूनच टोकाला गाठ असलेली ती निळी ओढणी त्यांच्या डोळ्यांत खुपली.

शर्मिष्ठाला पोलंडहून येऊन तीन आठवडे झाले होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी जिथे ज्यूंना मारलं, त्या छावणीच्या जागी उत्खनन चालू होतं. ती काम करायची त्या अंधेरीच्या पुरातत्त्व संस्थेतून, तिच्या वरिष्ठ शुभा मॅडमबरोबर तीही गेली होती. आल्यावर सगळे कपडे मशीनमध्ये गेले, ही ओढणी मात्र नाही. रोज सकाळी शर्मिष्ठा कपाट उघडायची, ओढणीचं टोक चाचपायची, पुन्हा कुलूप. उत्तराताईंचं पूजा होईपर्यंत मौन. दिसायचं सगळं, विचारता यायचं नाही. आणि पूजा आटपेपर्यंत सून कामाला गेलेली.

मौनात मन फार बडबडतं. कुणी काही दिलं असेल? करणीबिरणी?

“आई, तू पोलिसात जायला हवं होतंस,” मुलगा ओजस हसला. “दमलीये ती.”

“तीन आठवडे?”

गुरुवारी किल्ली कपाटालाच राहिली. देवाची क्षमा मागून उत्तराताईंनी ओढणी काढली. गाठीत एक बाळी निघाली. लहान मुलीचे कान टोचल्यावर घालतात, तेवढीशी. मातीने काळवंडलेली, पण सोन्याची. आपली सून, आणि चोरी?

संध्याकाळी त्यांनी तळहात पुढे केला. “ही कुणाची?”

शर्मिष्ठाने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. “माहीत नाही, आई. त्या ज्यू लोकांना सांगितलं होतं, थोडंच सामान घ्या, कामासाठी दुसरीकडे न्यायचंय. गाड्यांत कोंबून आणलं आणि मारलं. पोराबाळांसकट. आता बटणं, कंगवे, चष्मे निघतात. माती चाळून, एकेकाला नंबर घालून नोंदवायचं.”

“मग ही का नाही नोंदवलीस?”

“शेवटचा दिवस होता. गाडी हॉर्न देत होती, दोन्ही हातांनी ट्रे उचलायचे होते. पडेल म्हणून गाठ मारली… आणि विसरले. घरी बॅग उघडली तेव्हा हाताला लागली.”

“तेव्हाच फोन करायचास.”

“सोनं आहे, आई. विसरले म्हटलं तर कोण ऐकेल? तुम्ही तरी ऐकलंत का?”

ते लागलं. संशय तरी कुठे पुरता गेला होता! उत्तराताईंनी ओढणी घेऊन सोडलेल्या गाठीच्या चुण्या बोटांनी चाचपल्या. दोन वेढे, टोक आत खोचलेलं. घाईत बोटांनी आपोआप मारलेली, सासूबाईंचीच गाठ. लपवायचं असतं तर पर्स होती की.

“कपाट उघडलं, ते माझं चुकलं,” त्या हळूच म्हणाल्या. “उद्या मी तुझ्याबरोबर संस्थेत येते. ही गाठ कोणी शिकवली, ते मीच सांगेन शुभा मॅडमना.”

“नोकरी जाईल माझी.”

“जाईलही. पण त्या पोरीचं एवढंच उरलंय ना?”

शर्मिष्ठाने मान डोलावली. “वचन द्या. ऐनवेळी मागे नाही फिरणार.”

“दिलं.”

सकाळी पूजा झाली. बाळी त्यांनी देवापुढे ठेवली नाही. ती देवाला वाहायची वस्तू नव्हती. पदराच्या टोकाला दोन वेढ्यांची गाठ मारली, टोक आत खोचलं. चपला घातल्या आणि सुनेच्या आधी उंबरा ओलांडला.