चंदनाखालचा आफ्टरटच

कतिरवन सरांच्या चित्रपटात नायकाची आई मरते तेव्हा नादस्वर, म्हणजे दक्षिणेतली लांब सनई, वाजतं. आई त्यांच्या प्रत्येक चित्रपटात मरते. या वेळी खरा नादस्वरवाला बोलवायचा नाही असं सरांनी ठरवलं, कारण तो वाजवताना सरांकडे बघत नाही.

"मुहिल, तू कीबोर्डवर वाजव. जमलं तर पडद्यावर तुझं नाव," ते म्हणाले.

पाच चित्रपट मी त्यांच्याकडे वाजवतोय. पडद्यावर सरांच्या कुत्र्याचंही नाव येऊन गेलं, माझं राहिलंय.

नादस्वराची सगळी गंमत थरथरीत. कीबोर्डवर त्यासाठी आफ्टरटच असतो. पट्टी दाबून झाली की बोटाने आणखी जोर द्यायचा, जसा जोर तसा स्वर हलतो. आमचा हलेना. दाबलं, काही नाही. आणखी दाबलं, काही नाही. उभा राहून कोपराने दाबलं, तेव्हा असा किंचाळला की मेलेली आई उठून बसावी.

"तुझ्या बोटात भक्तीच नाही," सर म्हणाले आणि जेवायला गेले.

रेकॉर्डिस्ट सेल्वमने कीबोर्ड उघडला. पट्ट्यांखाली दाब ओळखणारी फीत असते. तिच्यावर चंदन वाळून दगड झालं होतं. आयुधपूजेला लोक वाद्याला एक टिळा लावतात. सरांच्या अम्मांनी, विशालाक्षी अम्माळांनी, एकाही पट्टीवर अन्याय केला नव्हता.

मी ओला कापूस घेऊन वाकलो, तोच सर परतले.

"डेय! माझ्या आईचं चंदन पुसतोस?"

"सर, त्याच्यामुळेच तर..."

"आईमुळे बिघडलं म्हणतोस?"

सेल्वम छताकडे बघू लागला. छत चांगलं होतं.

"नाही सर, हवेमुळे," मी म्हणालो आणि ओला कापूस खिशात घातला.

कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असतं. थरथरीचं काम मी गुपचूप त्याच्याकडे दिलं. उजव्या हाताने सूर, डाव्याने चाक. झकास जमलं. सर माझ्या उजव्या बोटाकडे बघत रडले. "आली बघ भक्ती!"

मागे सरांचा डबा घेऊन अम्मा येऊन बसल्या होत्या.

"कण्णा, हा डावा हात लावतोय," त्या सरांना म्हणाल्या.

"कशाला, अम्मा?"

"मंगल वाद्याला! डाव्या हाताने कुणी विभूती देतं का रे?"

टेक रद्द. मी हात बदलले, तर सूर डाव्याकडे गेले. अम्मांनी तेही पाहिलं. "चाक पायाने फिरवू का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

शेवटी अम्मांनीच खुर्ची ओढली. "सरक तंबी. मी फिरवते."

गॅसचं बटण पिळावं तसं त्यांनी उजव्या हाताने चाक पिळलं. नादस्वराला हिवताप भरला. सेल्वमने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. सर ढसाढसा रडले.

"हाच टेक!"

"सर, माझं नाव?" मी धीर करून विचारलं.

"दिलेला शब्द मी मोडत नाही."

नाही मोडला. वडपळनीच्या थिएटरात मी घरच्या सगळ्यांना घेऊन गेलो. पडद्यावर आलं, 'नादस्वर: विशालाक्षी अम्माळ'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'पट्टी दाबली: मुहिल'.

अप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कुठली?"