धुतलेली बाटली

कमलबाईच्या घरात न विसळलेल्या पेल्यातून पाणी प्यायलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. पेला घासून पालथा घातलेला असू दे, नाहीतर आत्ताच बाजारातून कोरा आणलेला असू दे. पाणी भरण्याआधी बाई तो दोनदा खळखळून विसळणार, ते पाणी कण्हेरीच्या बुडात टाकणार आणि मगच भरणार. पाहुणा ताटकळला तर ताटकळू दे! नवरा रतिलाल जिवंत होता तेव्हा वैतागून म्हणायचा, "मी मरी जासू, तरी तू पेला इसळत बठशी." आणि खरंच, रतिलालच्या तोंडात शेवटचं पाणी घालतानासुद्धा बाईनं चमचा धुऊन घेतला होता. गाव हसलं. हसेना का.

अशा बाईला पंचायतीनं गावच्या पाण्याचा नमुना भरायचं काम दिलं, यात नवल ते काय! प्रकाशा या तीर्थाच्या गावाअलीकडं, तापीच्या काठाला त्यांचं गाव. महिन्यातून एकदा तालुक्याच्या लॅबमधून एक बाटली यायची, झाकणाला कागद बांधलेली. कमलबाईनं ती नळाखाली भरायची, शहाद्याच्या बसनं पाठवून द्यायची, आणि आठ दिवसांनी कागद यायचा : पिण्यास योग्य. अडीच वर्षं झाली, एकदाही वेगळं काही आलं नाही. ते कागद पंचायतीच्या फळ्यावर ओळीनं लागले. सव्वीस जानेवारीला सरपंचांनी तिला साडी दिली, आणि ती नेसून कमलबाई कारण नसताना चार गल्ल्या फिरून आली.

आता त्या बाटलीचं सांगतो. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी असायची. पहिल्याच बाटलीत ती बघून कमलबाईनं तोंड वाकडं केलं होतं. सरकारी काम, धड धुवायला काय होतं मेल्यांना! तिनं पाणी गरम केलं, बाटली तीनदा खळखळून धुतली, उजेडात धरून बघितली आणि मग नळाखाली लावली. पुढं दर महिन्याला तसंच. आपल्या गावचं पाणी परक्या दारी जायचं, ते घाणेरड्या भांड्यातून कसं पाठवायचं? तिला कोणी तसं कर म्हणालं नव्हतं, आणि करू नको असंही कोणी म्हणालं नव्हतं.

शेजारी नेमीचंद शेठचं किराणा दुकान. त्यांची बायको दाखूबाई पाणी गाळून, उकळून प्यायची. जैनांच्यात तशीच रीत. कमलबाई तिला चिडवायची, "दाखूबाई, फळावरला कागद वाचा जरा. कसाले गॅस जाळतस?" दाखूबाई हसायची आणि पातेलं शेगडीवर ठेवायचीच.

दाखूबाईचं बघून कमलबाईच्या सुनेनंही एकदा पातेलं ठेवलं. सून शीला, म्हसावदची, दहावी शिकलेली, बोलायला कमी. श्रावणात नळाचं पाणी जरा गढूळ आलं होतं, आणि घरात सोनम होती. सोनम म्हणजे कमलबाईचा मुलगा भूपेश आणि शीला यांची पोर, साडेतीन वर्षांची. दिवसभर आजीच्या पदराला लोंबकळणारी, आजीचं बघून आपली एवढीशी वाटी दोनदा विसळणारी. शीलानं तिच्यापुरतं पाणी उकळायला ठेवलं, तर कमलबाईनं येऊन गॅस बंद केला.

"मन्हा कागदवर आख्खा गावना भरोसा, आनि मन्हाच घरमा नही?"

शीलानं पातेलं उतरवलं. पुन्हा तिनं पातेलं ठेवलं नाही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सगळी गल्ली प्रकाशाला देवदर्शनाला गेली. सोनमनं गोळ्यासाठी भोकाड पसरलं, म्हणून शीलानं तिला बर्फाचा लाल गोळा घेऊन दिला. तिसऱ्या दिवशी पोरीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. गल्लीत आणखी चार घरांत तेच. बाकीची माणसं सलाईनवर निभावली. सोनमला गाडीत घालून नंदुरबारला नेत होते. प्रकाशाचा पूल ओलांडला तेव्हा तिनं आजीकडं पाणी मागितलं. कमलबाईनं घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी झाकणात घेऊन तिला पाजलं. पुढं दोन कोसांवर पोर गेली.

आता दोष कुणाला द्यायचा? माणसाला कुणीतरी लागतंच. पाण्याचं नाव निघालं, तेव्हा लॅबमधून घाईनं बाटली मागवली. कमलबाईनं डोळे पुसत पुसत तीही धुतली आणि भरली. कागद आला : पिण्यास योग्य. मग गावानं ठरवून टाकलं, प्रकाशाच्या गोळ्यानं घात केला. आणि गोळा दिला कोणी? भूपेश पाचव्या दिवशी भरल्या घरात बायकोला म्हणाला, "तूच मारं मन्ही पोरले." शीलानं मान वर केली नाही. तिलाही ते खरंच वाटत होतं. दहाव्याचे विधी उरकल्यावर तिचा भाऊ येऊन तिला म्हसावदला घेऊन गेला आणि भूपेश अडवायला उठला नाही. कमलबाईसुद्धा उठली नाही. खोटं कशाला सांगू, तिच्याही मनात तेच होतं.

दिवाळी कोरडी गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी लॅबच्या एकता मॅडम गावात आल्या. पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, हे बायकांना शिकवायला. तरुण पोरगी, पण बोलणं अगदी साधं. पंचायतीच्या ओट्यावर त्यांनी बाटली वर धरली.

"ही पांढरी भुकटी दिसते ना? ही औषधाची आहे. बाटली धुवायची नाही, जशी आहे तशीच भरायची."

कमलबाई हसली. "मॅडम, मी तं दर खेपले धुयी टाकस. गरम पानीवरी, तीन वखत."

बायका हसल्या. एकता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"किती दिवसांपासून, मावशी?"

"पहिलेपासून."

मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि हळूहळू समजावलं. गावात पाणी सोडणारा झिपरू टाकीत जी क्लोरीनची पावडर टाकतो, ती जंतू मारते, पण लगेच नाही. तिला वेळ लागतो. वाटेत कुठंतरी पाइप फुटलेला असेल, गटाराचं पाणी आत येत असेल. तुमच्या नळाला ते पाणी येतं तेव्हा जंतू जिवंतच असतात. माणूस पेला धरतो आणि पितो. पण बसची वाट बघत बाटली शहाद्याला पोचायला चार तास लागतात, आणि तेवढ्या वेळात ती पावडर बाटलीतल्या बाटलीत आपलं काम करून टाकते. ते काम जागच्या जागी थांबावं, म्हणून ही भुकटी. "तुम्ही प्यायलात ते पाणी आमच्यापर्यंत कधी आलंच नाही, मावशी. आणि चूक आमचीही आहे. हे आम्ही पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

 कमलबाईनं एवढंच विचारलं, "श्रावनमाबी तसंच व्हयनं व्हई का?"

"आता कसं सांगू?" मॅडम म्हणाल्या.

पण बाई हट्टी. तिनं दोन बाटल्या मागून घेतल्या. दुसऱ्या दिवशी आपल्याच नळाखाली एक धुऊन भरली, एक न धुता भरली, आणि स्वतः बसमध्ये बसून, दोन्ही मांडीवर घेऊन शहाद्याला गेली. आठ दिवस तिनं वाट बघितली. देवाला म्हणायची, दोन्ही योग्य येऊ दे रे बाबा, एवढं एक ऐक. मग दोन कागद आले. धुतलेल्या बाटलीचा : पिण्यास योग्य. न धुतलेल्या बाटलीचा : पिण्यास अयोग्य.

भूपेशनं दोन्ही कागद वाचले आणि घडी घालून आईच्या हातात दिले. फुटका पाइप शोधायला त्यानं सरपंचांना फोन केला, तेवढं केलं. मग म्हणाला, "आते गप ऱ्हाय. पोर काही परत येनार नही."

"पोर नही येनार. पन सून?"

"तिले सांगीसन काय करशी? मी काय काय बोलनू तिले, ते आते परत लेता येस का?"

कमलबाईनं त्याच्याकडं बघितलं. आपल्याच पोटचा पोरगा, आणि आपणही त्याच्यापेक्षा काही चांगल्या नाही, हे तिला त्या घटकेला पुरतं कळलं. सकाळी तिनं कागद पिशवीत घातले आणि म्हसावदची बस धरली.

शीलाची आई जसोदाबाई दारातच भेटली. "या" म्हणाली नाही, पण बाजूला सरकली. शीला ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वाळून काडी झालेली. सासूला बघून ती उठली, पदर सावरला आणि सवयीनं पाण्याला आत जायला निघाली.

"पानी ऱ्हाऊ दे. बठ." कमलबाईनं दोन्ही कागद तिच्यापुढं ठेवले. वाटेत तिनं काय काय जुळवलं होतं, ते सगळं विसरलं. "पोर गोळामुये नही गयी, शीला. पानीमुये गयी. मी बाटली धुयी टाकू, म्हनीसन कागद खोटा येत व्हता. मन्ही चूक शे. तुन्ही काहीच नही."

शीलानं कागद वाचले. एकदा, मग पुन्हा.

"गोळा नही व्हता?"

"नही, माय."

"खरं?"

"सोनमनी आन."

"मन्हा हाततून नही व्हयनं?"

"नही. तुन्हा हाततून नही."

मग शीलाचा बांध फुटला. तीन महिने कोंडलेलं सगळं बाहेर आलं. तिनं सासूच्याच मांडीवर डोकं टाकलं आणि गाय हंबरावी तशी रडली. आतून जसोदाबाई धावत आली आणि दारातच थबकली. कमलबाई सुनेच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, झालं, पोरगी परत आली. संध्याकाळच्या बसनं दोघी जाऊ. देवा, तुझे उपकार!

रडणं हळूहळू थांबलं. शीला तशीच पडून होती. मग मांडीवरूनच, वर न बघता, ती म्हणाली, "मी पानी उकळाले ठेयेल व्हतं."

कमलबाईचा हात थांबला.

"हा."

"तुम्हीन गॅस बंद करा व्हता."

"हा, माय."

शीला उठून बसली. पदरानं तोंड पुसलं. "त्यासले माहीत शे? हाऊ कागदनं?"

कमलबाईला खोटं बोलता आलं असतं. जीभ वळलीच नाही. "माहीत शे. तो म्हने, गप ऱ्हाय."

शीलानं पुढ्यातली एक शेंग उचलून फोडली. "तुम्ही सांगाले उन्यात, बरं करं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच कमलबाईला सोसवेना. "पन मी आते त्या घरमा येनार नही."

कमलबाईनं हात जोडले. काही मागायला तोंड उरलं नव्हतं. ती पिशवी घेऊन ओट्यावरून उतरली आणि चपला शोधू लागली. डोळे भरल्यामुळं त्या दिसेनात.

"थांबा," मागून शीला म्हणाली. "पानी न पेता जाऊ नका."

ती आत गेली. आतून पेला विसळल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा एकदा. ही सवय तिला सासरी लागली होती. ती बाहेर आली, भरलेला पेला तिनं सासूच्या हातात दिला नाही, ओट्याच्या कडेवर ठेवला आणि मागं सरकली.

"उकळेल शे," ती म्हणाली.

कमलबाईनं पेला उचलला आणि ती उभ्यानंच सगळं पाणी प्यायली. पाणी अजून कोमट होतं.