ज्या भाषेत 'हं' नाही

शिंप्याची बायको परक्या भाषेत भांडायला लागली आणि शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न झाल्यापासून ती आपल्याच भाषेत भांडत आली होती. तो मशीनचं पायडल मारत "हं" म्हणायचा, की विषय संपायचा. पण आता हं म्हणायचं तरी कशाला? उद्या ती म्हणाली, "मी चालले, कायमची," आणि हा बसला हं करत, तर? या धास्तीने त्याने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तीन बाह्या लावल्या.

बायको सकाळी त्या भाषेच्या शिकवणीला जायची. "बटणं आणतो" अशी थाप मारून हा संध्याकाळी त्याच शिकवणीला गेला. वर्गात पाहतो तर काय, पुढच्या बाकावर वरच्या मजल्यावरच्या काकू, शेजारी दूधवाला आणि मागे चष्मा पुसत बसलेली, भिंतीपलीकडच्या खोलीत राहणारी त्याची सख्खी सासू!

"ही भाषा का शिकायची आहे?" मास्तरांनी विचारलं.

"ज्ञानासाठी," काकू म्हणाल्या.

"धंद्यासाठी," दूधवाला म्हणाला. "उद्या परदेशी म्हैस घेतली तर?"

सासू मात्र सरळ बाई. "मुलगी जावयाला काय बोलते ते कळेनासं झालंय. इतकी वर्षं भिंतीला कान लावून ऐकलं, आता अर्ध्यावर सोडू होय?"

काकू आणि दूधवाला जोरजोरात माना डोलवायला लागले. ज्ञान आणि म्हैस दोन्ही तिथेच संपली.

शिंप्याने धीर करून बायकोचं रोजचं वाक्य म्हणून दाखवलं.

"वा! 'एक तिकीट द्या,'" मास्तर म्हणाले. "धडा पाचवा."

"एकच?" सासू ओरडली.

"आणि काल ताट आपटून म्हणाली ते?" शिंप्याने तेही म्हणून दाखवलं.

"'काकांची छत्री टेबलाखाली आहे.' धडा दुसरा."

म्हणजे बाई पुस्तकातले धडेच रागाने म्हणत होती. वर्गाची पार निराशा झाली. शिंप्याच्या मनातून मात्र ते एकच तिकीट जाईना.

"मास्तर, या भाषेत 'हं' ला काय म्हणतात?"

"हं नाहीच या भाषेत. ऐकलं असेल तर काय ऐकलं ते सांगावं लागतं."

शिंप्याने मास्तरांकडून एकच वाक्य घोकून घेतलं आणि घर गाठलं.

बायकोने पातेलं आदळलं आणि पाचवा धडा सुनावला. शिंप्याने पायडलवरचा पाय काढला.

"दोन तिकिटं द्या," तो त्याच भाषेत अडखळत म्हणाला. "खिडकीजवळची."

बायको बघतच राहिली. मग आपल्या भाषेत म्हणाली, "लग्न झाल्यापासून सांगतेय, मला कुठेतरी फिरवून आणा. कधी ऐकलंत?"

हं अगदी ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

"तुला कुठेतरी फिरवून आणायचंय," तो म्हणाला. "ऐकलं मी."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्यात भिंतीपलीकडून सासूचा आवाज आला, "जावईबापू, तीन काढा!"

बायको डोळे पुसत भिंतीकडे वळली आणि परक्या भाषेत खणखणीत आवाजात म्हणाली, "काकांची छत्री टेबलाखाली आहे!"

पलीकडे ते बरोबर कळलं.